गंजगोलाईतली गॉगलवाली

शांतम्मा हे नाव तिच्या आजीनं ठेवलं, आणि आजीचा अंदाज साफ चुकला. लोहा तालुक्यातल्या एका खेड्यात ही पोर जन्मली ती घर डोक्यावर घेतच, आणि लातूरला सासरी आली तेव्हाही तिच्या नाकावरचा राग काही उतरला नव्हता. सासू गंगम्मा तिला पहिल्याच आठवड्यात म्हणाली होती, "तुझ्या घरच्यांनी नाव ठेवताना डोळं मिटलं होतं का गं?" शांतम्मानं तोंडावर उत्तर दिलं होतं, "न्हाई आत्याबाई, तुम्ही सून बघताना मिटलं आसतील." त्या दिवसापासून दोघींचं जमलं म्हणा की बिनसलं म्हणा, पण एकमेकींशिवाय त्यांना करमेना.

गंगम्मा लवकर विधवा झालेली. गंजगोलाईतलं, म्हणजे लातूरच्या गोल बाजारपेठेतलं, कापडाचं दुकान तिच्या नावावर, चाव्या तिच्या कमरेला. दोन मुलं. थोरला मन्मथ, म्हणजे शांतम्माचा नवरा, सोन्यासारखा माणूस. पण घरात दोन आवाज चढले की तो गोदामात जाऊन गठ्ठे मोजत बसायचा. धाकटा संगप्पा मात्र बोलका, हुशार आणि मनातून गादीवर डोळा ठेवून असलेला. दुकानात धोतरं, खण, नऊवारी लुगडी असा जुना माल होता आणि गिऱ्हाईकही जुनंच होतं.

मग ब्याऐंशी साली लातूरचा जिल्हा झाला. काल-परवापर्यंत तालुक्याचं गाव, आणि एका पावसाळ्यात तिथं कलेक्टर आले, एसपी आले, त्यांच्यामागून कारकून, इंजिनिअर, मास्तर आणि या सगळ्यांच्या बायका आल्या. या बायका गोल साडी नेसायच्या आणि ब्लाऊज साडीच्या रंगाला अगदी लागून पाहिजे म्हणायच्या. नाहीतर अख्खी साडी परत. शांतम्मानं हे दुकानाच्या मागच्या दारातून पाहिलं आणि सासूला जाऊन सांगितलं, "मॅचिंगचे पीस ठेवा. आन् गादीवर मला बसू द्या. या बाया गड्याला ब्लाऊजचं काय सांगतील?"

संगप्पा उसळला. घरची सून गंजगोलाईत चारचौघांत गादीवर बसणार म्हटल्यावर भाऊकी काय म्हणेल, हे त्यानं तीन-तीनदा ऐकवलं. गंगम्मानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुनेला म्हणाली, "बस. पर धंदा बसला तर तू उठायचं."

धंदा बसला नाही, उठला. शांतम्माची पद्धत साधी होती. गिऱ्हाईकाची साडी घ्यायची, पीस घ्यायचा आणि दोन्ही घेऊन पायरीवर उन्हात जायचं. दुकानातल्या ट्यूबलाइटवर तिचा काडीचा भरवसा नव्हता. डाळिंबी आणि राणी यांच्यामधला, आमसुली आणि वांगी यांच्यामधला फरक ती पायरीवर उभी राहून सांगायची, आणि बाई वाद घालायला लागली तर, "तुमच्या नवऱ्याला आवडंल हो हा, पर साडीला आवडायचा न्हाई," असं म्हणून तिला गप्प करायची. बायका हसत जायच्या आणि बहिणीला घेऊन परत यायच्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा शांतम्माला वाटलं की या गावात आपली अशी एक जागा आहे. हात-दीड हाताची का असेना, आपली.

डोळे जळायला लागले ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. सुरुवातीला कुणी लक्ष दिलं नाही, तिनंसुद्धा नाही. नवा जिल्हा म्हणून सगळं गाव खणून ठेवलेलं, जिकडं तिकडं मुरूम. त्यात पाऊस दगा देऊन गेलेला, वारा सुटला की गोलाईत समोरचं दुकान दिसायचं नाही. सगळ्यांचेच डोळे चुरचुरत होते. पण सगळ्यांचे डोळे घरी जाऊन धुतले की बरे व्हायचे आणि शांतम्माचे होईनात. पापणीखाली कुणीतरी बारीक रेती टाकून ठेवल्यासारखं वाटायचं. सकाळी उठल्यावर हाताची बोटं आखडलेली असायची, साडीच्या निऱ्या घालता यायच्या नाहीत. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना. संगप्पाची बायको उमाबाई मनानं चांगली, ती तांब्या पुढं सरकवत हसायची, "अक्का, तुम्ही जेवता का पिता?"

आणि कांद्याची गंमत झाली ती वेगळीच. मन्मथच्या आतेबहिणीच्या लग्नात बायका कांदे चिरायला बसल्या. सगळ्या नाक-डोळे पुसून बेजार, आणि शांतम्मा ढीग चिरून मोकळी, डोळ्यात टिपूस नाही. तिचं केवढं कौतुक झालं. कुणी म्हणालं लोखंडी बाई आहे, कुणी म्हणालं हिच्या हाताला गुण आहे. शांतम्माही फुशारली. कांदा डोळ्याला झोंबेनासा होणं ही आनंदाची गोष्ट नव्हे, हे त्या मांडवात कुणाच्या ध्यानात यायला पाहिजे होतं? वैद्य थोडेच बसले होते तिथं.

घरगुती उपाय सगळे झाले. दुधाच्या घड्या, गुलाबपाणी, तळपायाला एरंडेल. गावातल्या डॉक्टरांनी डोळे आलेत म्हणून थेंब दिले, ते घातले की आग आणखी भडकायची. शेवटी गंगम्मानं आपलं औषध काढलं, आणि सगळा घोळ झाला तो तिथून.

घर लिंगायताचं, या लोकांत गळ्यात लिंग असतं. सकाळी आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून, ते लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, हात छातीपुढं धरायचा आणि नजर लावून बसायचं. गंगम्माच्या घरचा नेम कडक होता: नजर ढळू द्यायची नाही आणि पापणी लवू द्यायची नाही. शांतम्मा माहेरी असल्यापासून यात तरबेज. चार बहिणींत तिची नजर सगळ्यात जास्त टिकायची आणि त्याचा तिला ताठा होता. आता सासू म्हणाली, "लिंगाकडं बघायचं वाढव. त्यातून डोळ्यात तेज येतंय. तुझं मन दुकानात हाय, म्हणून डोळं भोगतेत."

हे शांतम्माच्या जिव्हारी लागलं. दुकानामुळं भक्ती कमी झाली, असं कुणी म्हटलेलं ती कसं खपवून घेईल? ती बसण्याचा वेळ वाढवत गेली. डोळे जळायला लागले की ती दात आवळायची आणि आणखी ताणून धरायची. जळतंय म्हणजे आपल्यातच खोट आहे, ती जळून जाऊ दे, असा तिचा हिशेब. पापणी न लवता ती मूर्तीसारखी बसायची आणि उठल्यावर दोन्ही डोळे टोमॅटोसारखे लाल. सासू समाधानानं म्हणायची, "आता लागली बघ नजर." एक म्हणत होती कर आणि दुसरी करत होती. दोघींनाही वाटत होतं आपण डोळे वाचवतोय.

मग एका सकाळी पीडब्ल्यूडीतल्या इंजिनिअरची बायको मोरपंखी साडी घेऊन आली. शांतम्मा पायरीवर गेली, ऊन डोळ्यात घुसलं आणि तिला दोन्ही कापडं धुरात ठेवल्यासारखी दिसली. तिनं अंदाजानं पीस दिला. दुपारी बाई तणतणत परत आली. पीस निळा होता. चांगला ठसठशीत निळा, शेंबड्या पोरालाही कळला असता. दुकान भरलेलं होतं आणि संगप्पा दारातच उभा होता.

त्या दिवशी जेवताना त्यानं आईपुढं विषय काढला. आवाजात एवढी माया की विचारू नका. "वहिनीचं डोळं जास्त की दुकान जास्त? त्यांनी घरी आराम करावा. मी रेडीमेड आणतो, गादी मी सांभाळतो." मन्मथ ताटातली शितं मोजत बसला. गंगम्मानं कमरेच्या चाव्या चाचपल्या. मग म्हणाली, "दसऱ्यापोत्तर बघू. डोळं आलं जाग्यावर तर ती बसंल. न्हाईतर संगप्पा."

शांतम्मा म्हणाली, "मला हैदराबादला न्या." हे तिनं मन्मथला सांगितलं नाही, फर्मावलं. एसटीनं उदगीर, तिथून रेल्वे. रस्ताभर ती पदरानं डोळे झाकून बसली होती आणि झाकलेल्या पदराआडून दिराचा उद्धार करत होती.

हैदराबादच्या डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या, पण दख्खनी हिंदी छान बोलायच्या. त्यांनी कागदाची बारीक पट्टी तिच्या खालच्या पापणीत अडकवली आणि डोळे मिटून बसायला सांगितलं. काढली तेव्हा पट्टी वरच्या टोकाला जेमतेम दमट, बाकी कोरडी ठाक. मग त्यांनी कोरडं बिस्कीट खायला दिलं. शांतम्मा चावत राहिली, चावत राहिली आणि शेवटी पाणी मागितलं. सांध्यांचं विचारलं, दातांचं विचारलं, रक्त घेतलं. दुसऱ्या दिवशी आजाराचं नाव सांगितलं, ते इंग्रजी होतं आणि शांतम्माला शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. अर्थ मात्र नीट कळला. अंगात राखण करायला जे असतं तेच बिथरलंय. चोर सोडून घरच्यांनाच झोडपतंय. आधी डोळ्याचं पाणी करणाऱ्या गाठी, मग तोंडातल्या, मग सांधे.

"बरं कधी व्हईल?" तिनं विचारलं.

"जाणार नाही हे," बाई म्हणाल्या. "कधी कमी होईल, कधी वाढेल. सांभाळून राहायचं."

मग त्यांनी भिंगातून पुन्हा डोळा पाहिला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. बुबुळाच्या बरोबर मध्यावर ओरखडे होते. नुसत्या कोरडेपणानं इतके होत नाहीत. सकाळी उठल्यावर काय करता, असं त्यांनी विचारलं. शांतम्मानं सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच. कितीतरी वेळ मी पापणी लवू देत नाही, म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "अम्मा, पापणी म्हणजे डोळ्याचं पोतेरं आहे. तुमच्याकडं पाणी आधीच थेंबभर, तेही तुम्ही फिरवू देत नाही. उघडा डोळा वाऱ्यावर वाळतो आणि सोलतो. असंच चाललं तर वर्षात जखम होईल, मग फूल पडेल, दिसायचं बंद होईल."

शांतम्मा तडकली. माझ्या देवाचं मला शिकवू नका, म्हणाली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. मन्मथनं चहा आणला, तो तिनं घेतला नाही. तिला डॉक्टरीणबाईचा राग आला, सासूचा आला, आणि मग सगळ्यात जास्त आला तो स्वतःचाच. स्वतःच्या हातानं, रोज सकाळी, विभूती लावून, आपण आपले डोळे सोलत होतो. आणि ते कशासाठी, तर एक म्हातारी म्हणाली तुझं मन दुकानात आहे म्हणून. होतं मन दुकानात. मग? तिला एकदम वाटलं की हे आपण आधीच का म्हटलं नाही.

परत आल्यावर दुसऱ्या सकाळी ती सासूशेजारी पूजेला बसली. लिंग हातावर घेतलं, नजर लावली आणि चार श्वासांनी मुद्दाम, सावकाश पापण्या मिटल्या. पुन्हा उघडल्या. पुन्हा मिटल्या. गंगम्माला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

"हे काय करायलीस?"

"डोळं मिटायलेय."

"नेम मोडला म्हण की."

"लिंग माझ्या हातात हाय, आत्याबाई," शांतम्मा नजर न वळवता म्हणाली. "पापणी मिटली म्हून हात उघडत न्हाई माझा. तुमचा उघडतो का?"

गंगम्मा उठून गेली. महिनाभर ती सुनेशी शब्दही बोलली नाही. मीठ पाहिजे असलं तरी उमाबाईकडून निरोप. शांतम्मानंही माघार घेतली नाही. रोज शेजारी बसायची, रोज पापण्या मिटायची. दुष्काळामुळं पाणी टँकरनं, तेही एक दिवसाआड, आणि डॉक्टरीणबाईनं सांगितलेलं की गरम पाण्यात फडकं पिळून रोज डोळे शेकायचे. शांतम्मानं मागितलं नव्हतं, पण रोज चुलीपाशी एक छोटं पातेलं गरम पाण्याचं झाकून ठेवलेलं असायचं. कोण ठेवतंय हे उमाबाईनं सांगितलं नाही आणि शांतम्मानं विचारलं नाही. मग एका सकाळी पूजेच्या मध्येच, शांतम्मा जुन्या सवयीनं नजर ताणून बसलेली असताना, शेजारून खेकसल्यासारखा आवाज आला.

"मिट की गं. किती येळ झाला."

हैदराबादच्या थेंबांनी आणि शेकानं दसऱ्यापर्यंत डोळ्यांपुढचा धूर निवळला. दसऱ्याला शांतम्मानं इंजिनिअरच्या बायकोला निरोप धाडून बोलावून घेतलं आणि दुकान भरलेलं असताना तिला मोरपंखीचा पीस दिला, फुकट. संगप्पा दारात उभा होता. तो पुढची पुष्कळ वर्षं दारातच उभा राहिला.

पण डोळे काही बरे झाले नाहीत, हे समजून घ्या. असा आजार एका दमात जिंकतही नाही आणि हरतही नाही. एखादं वर्ष असं जायचं की शांतम्मा विसरूनच जायची, आणि पुढच्या उन्हाळ्यात बुबुळावर चिकट धागे धरायचे, पापणी लवली की ते ओढले जायचे आणि ती भर गिऱ्हाईकीत ओठ चावून उभी राहायची. मलेरियावरच्या गोळ्या या आजारालाही चालतात, त्या सुरू झाल्या, त्यांनी आखडलेले सांधे मोकळे झाले, पण सहा-आठ महिन्यांनी. डोळ्यातून पाणी वाहून जाणारी बारीक भोकं हैदराबादला डागून बंद केली, तेव्हा होता तेवढा ओलावा टिकायला लागला. दात मात्र एकामागून एक गेले. पन्नाशीच्या आत तिच्या तोंडात कवळी आली आणि ती म्हणाली, "बरं झालं, आता दात कधी काढायचे ते मीच ठरवीन."

उजेड सहन होईना म्हणून तिनं काळा गॉगल घेतला. गंजगोलाईत गादीवर गॉगल लावून बसलेली बाई! पोरं टोळक्यानं बघायला यायची. वारा बाजूनं शिरतो म्हणून तिनं गॉगलच्या दोन्ही कडांना मखमलीच्या पट्ट्या शिवल्या, आणि हसायचंच आहे तर नीट हसा म्हणून पट्ट्या रोजच्या साडीला मॅचिंग. गॉगलवाली हे नाव पडलं ते कायमचं. रंग बघायचा असला की ती पायरीवर जायची, पाठ उन्हाकडं करायची, गॉगल क्षणभर वर उचलायची आणि लगेच खाली. तेवढ्यात रंग ओळखायची. दुपारनंतर मात्र ती मॅचिंग करेना. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, "सकाळी या," म्हणायची.

किल्लारीला भूकंप झाला त्या साली तिची औशाकडं दिलेली मावशी ढिगाऱ्याखाली गेली. ज्या मावशीनं तिला न्हाऊ-माखू घातलं ती. शांतम्मा रडायला बसली आणि छाती भरून आली, तोंडातून आवाजही निघाला. पण डोळ्यात काही येईना. कांद्यानं पाणी येणं थांबलं होतं, धुळीनं थांबलं होतं. दुःखानं येईल असं तिनं धरलेलं होतं. तेही थांबलं. त्या दिवशी ती फार घाबरली. हे तिनं कुणाला सांगितलं नाही, फक्त सासूला सांगितलं. गंगम्मा म्हणाली, "पाणी न्हाई म्हून नदीचं नाव बदलतंय का?" आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. एकदाच.

पुढं आणखी काही वर्षांनी हैदराबादनं नवीनच औषध काढलं. तिचंच रक्त काढायचं, लाल भाग टाकून वरचं पिवळट पाणी बारीक बाटल्यांत भरायचं आणि तेच डोळ्यात घालायचं. त्यानं आराम पडला, पण बाटल्या फ्रीजमध्ये ठेवाव्या लागत. घर कट्टर शाकाहारी, अंडंसुद्धा उंबरा ओलांडत नव्हतं. संगप्पानं फ्रीज उघडला आणि बोंब ठोकली, दुधाशेजारी रक्त! गंगम्मा तेव्हा ऐंशीला टेकलेली. काठी टेकत आली, बाटली उजेडाकडं धरून पाहिली. "तिचंच हाय. कुण्या जनावराचं न्हाई," म्हणाली. "तुला इटाळ वाटत आसंल तर दूध भाईर काढ."

दोन हजार सोळाचा उन्हाळा लातूरकरांना सांगायला नको. नळ महिनोन्महिने कोरडे, टाक्यांभोवती जमावबंदी, आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी. त्या उन्हाळ्यात, वैशाखात, गंगम्मा गेली. नव्वदीच्या घरातली, जेवून बसली होती आणि मान टाकली.

उमाबाईनं आणि शांतम्मानं तिला आंघोळ घातली, दोन तांब्यांत. कमरेच्या चाव्या उमाबाईनं सोडल्या. मग रीतीप्रमाणं गंगम्माला मांडी घालून बसवलं, कपाळभर विभूती लावली, डाव्या हातात लिंग दिलं. अंगण भरलं. उदगीरहून, निलंग्याहून भाऊकी आली. बायांचं रडणं सुरू झालं आणि संगप्पा तर आईच्या पायावर डोकं आपटून रडला. खोटं नव्हतं ते, खरंच रडत होता. शांतम्मा सासूच्या शेजारी बसून होती. गॉगलच्या खाली गाल कोरडे. सकाळपासून तिनं थेंब घातले नव्हते आणि आता पापणी उचलताना डोळ्याचं कातडं ओढून निघतंय असं तिला होत होतं.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. हे तिला कळत होतं. गॉगलातून सगळं दिसतं, लोकांना वाटतं दिसत नाही.

उमाबाई पाणी द्यायच्या निमित्तानं खाली वाकली आणि तिच्या मुठीत थेंबांची बाटली सरकवली. "अक्का, हितंच घाला दोन-दोन थेंब. गालावर वघळू द्या. लोकांची तोंडं बंद व्हतील. आमचं हे काय बोलायच्या आदी घाला."

एवढं सोपं होतं. दोन थेंब. शिवाय ते तिला हवेच होते, डोळ्यांची आग आग होत होती. शांतम्मानं बाटलीचं झाकण काढलंसुद्धा. मग तिनं गंगम्माच्या तोंडाकडं पाहिलं आणि झाकण परत लावलं.

"बाटलीतलं पाणी मी हिच्यापुढं रडणं म्हून सांडणार न्हाई," ती उमाबाईला म्हणाली. "हिला खोटं लगेच कळायचं."

आणि संगप्पा बोललाच. रडून रडून आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. "आईनं हिला गादी दिली, जन्मभर बसवली. आन् आईच्या मातीला हिच्या डोळ्यात टिपूस न्हाई. आसल्या बाईनं आईच्या गादीवर बसावं का, भाऊकीनंच सांगावं. तेरा दिस दुकान बंद. मग बघू."

मन्मथ जागचा हलला आणि पुन्हा खाली बसला. शांतम्मा गुडघ्यावर हात दाबून उठली आणि गॉगल लागल्यापासून तीसेक वर्षांत जे तिनं परक्या माणसापुढं कधी केलं नव्हतं ते केलं. गॉगल पुरता काढून हातात घेतला. ऊन सुरीसारखं आत गेलं. दोन्ही डोळे सोललेले, लाल, कोपऱ्यात पांढरे धागे, पापण्यांच्या कडा पिकलेल्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीनं तोंडावर पदर घेतला.

"बघा," शांतम्मा म्हणाली. "जवळ येऊन बघा, लाजू नका. हे आसं हाय माझं. तुम्ही रडताव, तुमचं बरं हाय. रडून जेवाल, निजाल, उद्या हलकं वाटंल तुम्हाला. माझं हलकं व्हायला वाटच न्हाई. जे हाय ते समदं आत हाय आन् आतच ऱ्हाणार हाय. माझी आई गेल्यावर मला दुसऱ्यांदा आई भेटली व्हती, ती बसलीय हितं. माझ्याकडून टिपूस मागू नका. मी मेले तरी द्यायची न्हाई."

मग ती दिराकडं वळली. "आन् तेरा दिस कशाचे? आपल्यात सुतक कधीपासून आलं, संगप्पा? आईनं तुझा बाप गेल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं व्हतं. इचार अय्यांना."

विधीला आलेले जंगम अय्या ओसरीवर बसले होते. त्यांनी मान हलवली. "सुतक नाही," म्हणाले. एवढंच.

गंगम्माला माती देऊन सगळे परत येईपर्यंत शांतम्मानं थेंब घातले नाहीत. भिंतीला धरून धरून चालली, पण घातले नाहीत. घरी आल्यावर उमाबाईनं नवऱ्यासमोर पदराची गाठ सोडली आणि चाव्या शांतम्माच्या हातात दिल्या. संगप्पा बायकोकडं बघतच राहिला.

दुसऱ्या सकाळी गंजगोलाईत शटर वर गेलं. शांतम्माच्या बोटांना ते उचलत नव्हतं, मन्मथनं उचललं. गादी झटकली, उदबत्ती लावली. मग तिनं गॉगल कपाळावर सारला, मान मागं टाकली आणि दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, भरपूर, अंगणातल्या दिवसाची कसर भरून काढावी तसे. ते गालावरून वाहत गळ्यापर्यंत आले.

पायरीवर एक बाई साडीची पिशवी घेऊन उभी होती. जुनं गिऱ्हाईक. तिनं ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली. "रडा, शांतम्मा," ती म्हणाली. "रडून घ्या. मोकळं वाटंल."

शांतम्मानं पदरानं गाल पुसले.

"हे औषध हाय, बाई," ती म्हणाली. "रडणं कालपासून चालू हाय, ते दिसत न्हाई. दाखवा साडी."